बारामतीच्या सभेत मी अर्धंच बोलले

आमचं जुनं पळसदेव तवा भीमेच्या काठाला व्हतं. तितनं बारामती म्हंजे बैलगाडीनं दोन दिसाची वाट. चाळिशी आली तरी मी बारामती बघितली नव्हती. बघायचं काय कारणच पडलं नव्हतं. ते कारण निघालं कोरियामुळं. कोरिया कुठल्या अंगाला हाय ते मला तवा ठावं नव्हतं, आजबी धड सांगता यायचं न्हाय. नातसून लिवून घेतीया, तिला म्हणलं, मी बोलते तसंच लिव.

नामा माजा एकुलता एक. पलटणीत गेला. तितं बंदूक न्हाय दिली त्याला, डोली दिली. त्या कोरियात वरच्या अंगाची फौज खालच्या अंगाच्या मुलखात घुसली व्हती, गावंच्या गावं जाळीत चालली व्हती म्हणं. लई देशांनी तितं मदत पाठवली. आपल्या सरकारनं दवाखान्याची पलटण पाठवली, त्यात नामा. जखमी माणूस डोलीत घालायचा, डोंगर उतरून तंबूत आणायचा, ह्ये त्याचं काम. 'आई, लवकर येतो' म्हणून गेल्यालं पोरगं, त्याला दीड साल झालं.

आमच्या गावात शाळेचे गुरुजी व्हते. नामाचं पत्र तेच वाचायचे. एक दिस पत्राबिगरच आले, ओट्यावर टेकले आन म्हणले, "कोंडाबाई, बारामतीला मोठी सभा आहे. कोरियाला मदत चालू ठेवायची, वाढवायची, का आपली माणसं परत बोलवायची, यावर दोन्ही बाजूचे लोक बोलणार. मग हात वर करून ठराव. ठराव दिल्लीला जाणार. तुम्ही चार शब्द बोला. जवानाची आई बोलली की लोकांचे हात आपोआप वर जातात."

"मंग नामा येईल?"

गुरुजी चष्मा पुसायला लागले. "यायला पाहिजे," म्हणले.

तेवढ्यावर मी निघाले.

गाडीबैल सदू तात्यांचं. तात्या नात्यानं माजे कुणी न्हाईत. त्यांचं रान आन माजं रान, मधी एक बांध, एवढंच नातं. मी काय मागायला गेले नव्हते. गुरुजी उठून गेले तसं तात्याच बांधावरनं म्हणले, "वैनी, बुधवारी उगवायच्या आदी जोडतो. कडबा मी घेतो, तुमी भाकरी घ्या."

गुरुजी आदल्या दिशीच मोटारीनं पुढं गेले. आमी दोघं आन दोन बैलं, एक ढवळा, एक बांडा, असे निघालो. नदीत पाणी नव्हतंच. वाळूत झिरं (खड्डे) खांदून बाया वाटीवाटीनं घागरी भरत व्हत्या. दुसरं साल पावसानं तोंड फिरवलं व्हतं. वाटेनं रानं सगळी उघडी, नुसतं ढेकूळ आन कुसळ. बैलांच्या खुरांनी धुरळा उडायचा त्यो माज्या पदरावर बसायचा, मी झाडायची, परत बसायचा. मंग झाडायचं सोडून दिलं.

भिगवणला दिस डोक्यावर आला. टेसनाजवळ लिंबाखाली गाडी सोडली. ह्याच टेसनावरनं नामा गेला व्हता. तवाबी तात्याच सोडायला आलते. गाडी हालली तशी नामानं तात्यांच्या पाया पडायला हात खाली केला आन डबा पुढं सरकला, हात तसाच हवेत ऱ्हायला. मी त्या टेसनाकडं बघितलं न्हाय. भाकरी सोडली, कांदा फोडला. तात्यांनी पैली भाकरी मोडून बैलांना घातली, मंग आपण खाल्ली. त्यांची ती रीतच.

भिगवण सोडलं आन मला मागचं सगळं आठवाया लागलं. ते सांगितल्याबिगर पुढचं कळायचं न्हाय.

आमचे धनी पटकीनं गेले तवा नामा सहा वर्सांचा. पेरणी तोंडावर. तेरावं व्हायच्या आदी माजे दीर, दगडू भाऊजी, यांनी माज्या रानात औत घातलं. म्हणले, "बाईमाणूस काय शेती करणार? रान पडीक पडंल, भावाचं रान मी कसतो." कसतो म्हंजे गिळतो, ह्ये साऱ्या गावाला कळत व्हतं. गावानं भाऊजींना चावडीवर बोलवून चार शब्द सुनावले आन माज्यासाटी इरजीक घातली. इरजीक म्हंजे काय ते आताच्या पोरांना ठावं न्हाय. एखादं घर अडलं की सगळ्या गावानं एका दिसापुरतं आपापलं औत घेऊन त्याच्या रानात उतरायचं. मजुरी न्हाय, काय न्हाय. घरधन्यानं गुळाची लापशी करून घालायची. सूर्य उगवताना जुपायचं, मावळताना सोडायचं.

माज्या रानात त्या दिशी सतरा औतं व्हती. दिस मावळायच्या आत रान पेरून झालं. लापशी कमी पडली तर शेजारणींनी आपल्या घरचा गूळ आणला. माणसं हसत खेळत घरी गेली. मला वाटलं, देव पावला.

आठ दिसानं शाळूचे कोंब वर आले आन भाऊजींची गुरं त्यात शिरली. मी वरडले. कोण यील? गावानं आपलं काम केल्यालं व्हतं. ज्याचं त्याचं रान ज्याला त्याला. तवा तात्या काठी घेऊन आले आन बांधावर उभे ऱ्हायले. गुरं हाकलली. दुसऱ्या दिशीबी उभे. कापणीपातुर उभे. पुढच्या साली माजं रान त्यांनीच कुळवलं, त्यांनीच पेरलं. त्याच्या पुढच्या सालीबी. नामाला औत धरता येईपातुर आठ सालं. त्यांची मालकीण भाकरी बांधून द्यायची ती नामाची धरून द्यायची.

भाऊजींना रान मिळालं न्हाय, मंग त्यांनी तोंड सोडलं. पारावर, देवळात, लग्नात, जितं चार माणसं तितं एकच बोलायचे. "इरजीक एका दिसाची असती. दुसऱ्या दिशी जो त्याच रानात दिसतो, त्याचा डोळा रानावर असतो." रानावर म्हणताना माज्याकडं बघायचे. लोकं हसायची. तात्या आयकून न आयकल्यावानी करायचे. मीबी पदर पुढं वढून गप. एकदाबी मी तोंड उघडून म्हणलं न्हाय, की भाऊजी, तुमी गुरं घातली म्हणून त्यो माणूस हितं उभा हाय.

तर असं.

शेटफळगढ्याला सांजच्याला पोचलो. तितं माजी मावसबहीण पारू. तिच्या घरीबी दुष्काळच, पर तिनं हुलग्याचं माडगं (पातळ पेज) केलं, वर लसणाची चटणी. गरम माडगं पोटात गेलं आन दिसभराचे हादरे विसरले. तात्या बाहेर ओट्यावर जेवले. पारू चुलीम्होरं बसून हळूच म्हणली, "हे अजून तुज्यासंगं हायतच व्हय गं?"

"गाडी त्यांची हाय."

"गाडी गावात दुसऱ्या कुणाची नव्हती?" असं म्हणून हसली. वाईट मनाची न्हाय ती. पर मी हातातलं माडगं खाली ठिवलं.

मंग म्हणली, "आन पुरुषांच्या म्होरं उभी ऱ्हाऊन बोलणार तू? लाज न्हाय वाटायची?"

"पोरगं आणायचंय," मी म्हणलं.

"मंग बोल बाई. पोरासाटी काय बी बोलावं."

पारूचं ते बोलणं मी गाठीला बांधून घेतलं.

दुसऱ्या दिशी वाटंत खोळंबा झाला. उन्हानं लाकूड आकसलं आन उजव्या चाकाची धाव (लोखंडी पट्टा) सैल झाली. खडखड वाजायला लागली. तात्यांनी बाभळीच्या ढलप्या ठोकून बशिवल्या, तरी दर कोसाला उतरून दगडानं ठोकायला लागायचं. मी चाकाकडं बघत चालत यायची. अशी ठोकत ठोकत बारामतीच्या तोंडाशी आलो आन मी जागच्या जागी उभी ऱ्हायले.

कालवा. भरून वाहणारा. त्याच्या अल्याड आमच्यासारखीच करपल्याली माती आन पल्याड ऊस, डोक्याच्या वर, हिरवा गार. एका पाण्याच्या दोन काठांना दोन मुलूख. मी म्हणलं, "तात्या, ह्या लोकांना दुष्काळ म्हंजे काय ठावं असंल का?"

"ठावं असंल. बाजारात भाव कळतो की," तात्या म्हणले आन बैलं सोडून, गाडी ढकलून त्यांनी ते सैल चाक काठाच्या पाण्यात घातलं. लाकूड फुगावं म्हणून.

तेवढ्यात पाटकरी (कालव्याचं पाणी राखणारा) काठी आपटत आला. "ओ पावनं! सरकारी पाणी हाय ते! गाडी धुता व्हय?"

"धुतोय कशाला. पाजतोय," तात्या म्हणले.

"कुणाला?"

"चाकाला. आमच्याकडं माणसाला न्हाय पाणी, म्हणलं चाकाला तरी मिळू द्या बारामतीचं."

पाटकरी हसला. काठी खाली टेकून बसलाच. कुठलं, काय, इचारलं. पोरगा कोरियात हाय म्हणल्यावर डोक्याचा पटका काढून मांडीवर ठिवला आन म्हणला, "मावशी, चाक काय सांजपातुर भिजू द्या तुमी."

पर सभेला उशीर व्हणार व्हता. तासाभरानं चाक काढलं. धाव चांगली घट्ट बसली व्हती.

बारामती मोठी. बाजाराचा दिस, त्यात छोट्या रेल्वेनं आल्याली माणसं. शेंगा, केळी, गुळाच्या ढेपा. भजी तळल्याचा वास. तात्यांनी पानात बांधून गरम भजी आणून दिली, मी दोन खाल्ली, दोन पदरात बांधून ठिवली, कुणासाटी ते मलाच ठावं न्हाय. बैलबाजाराच्या कडंला दगडू भाऊजी दिसले. बैल बघायला आलते. त्यांनीबी आमाला बघितलं. गाडी एक, माणसं दोन. हसले आन बैलाचे दात बघायला वाकले.

बाजारच्या मैदानातच मांडव घातला व्हता. बाया एका अंगाला, पुरुष एका अंगाला. तात्या गाडी सोडून, दोन्ही बैलांचे कासरे हातात धरून कडंला उभे ऱ्हायले, मांडवाबाहेर उन्हात. मी म्होरं बोलणाऱ्यांच्या फळीवर बसले, तितनं तीस पावलं असंल.

पैले एक वकील बोलले. तरणा माणूस, आवाज खणखणीत. म्हणले, "दवाखाना पाठवलात, छान केलंत. पण ज्याच्या घरात घुसून मारतायत त्याला नुसती मलमपट्टी पुरते का? त्याला लढायला बळ द्या, आणि शेवटपर्यंत द्या. तुम्ही बागायतदार माणसं आहात. मला सांगा, कालव्याची एक पाळी देऊन ऊस येतो का?"

"न्हाय येत!" लोकं वरडली.

"दोन पाळ्या देऊन?"

"न्हाय!"

"मग तुटेपर्यंत पाणी द्यायचं ठरवूनच लागण करतो ना आपण? मधेच दार बंद केलं तर ऊसही गेला आणि आधी दिलेलं पाणीही गेलं."

टाळ्या लई पडल्या. मला ते पटलं, खोटं कशाला बोलू. मी कोरडवाहू बाई, ऊस लावलेला न्हाय, पर मधी पाणी तोडल्यावर काय व्हतं ते मला कळत व्हतं.

मंग एक पांढऱ्या टोपीचे म्हातारे अप्पा उठले. त्यांनी वकिलाकडं बघून हात जोडले. "वकीलसाहेब, ऊस तुमच्या रानातला असतो म्हणून तुटेपर्यंत पाणी देता. हे रान कुणाचं? तिकडे मोठी मोठी राष्ट्रं उतरली आहेत, त्यांचे त्यांचे हिशेब आहेत. आज दवाखाना मागतील, उद्या बंदुका, परवा पोरं. तुमचा मुलगा पाठवता?"

वकील म्हणले, "माझा मुलगा दोन वर्षांचा आहे, अप्पा."

"म्हणून तर पाणी सुचतंय!"

लोकं हसली. बायांतनं एक भाजीवाली उभी ऱ्हाऊन वरडली, "ओ टोपीवाले, ओ कोटवाले! आदी हिकडं ज्वारी पाठवा, मंग कोरियाचं बघा!" तिला कुणी खाली बशिवलं न्हाय. उलट सगळ्यात जास्ती टाळ्या तिलाच.

एकजण म्हणला, घुसणाऱ्याला आज आवरला न्हाय तर उद्या त्यो आपल्या दारात. दुसरा म्हणला, दार आपलं हितं, तुमी दोन समुद्र वलांडून कडी लावायला निघाला. असं बराच येळ. हिकडनं आयकलं की हिकडचं खरं वाटायचं, तिकडनं आयकलं की तिकडचं. माणसं एकमेकाला टोचत व्हती, पर कुणी कुणाच्या अंगावर गेलं न्हाय.

मंग माजं नाव घेतलं. "कोरियात असलेल्या जवानाची माता, कोंडाबाई."

गुरुजींनी मला शिकवलं व्हतं, 'माज्या लेकानं आपलं काम केलं, आता त्याला घरी आणा,' एवढंच बोलायचं. मी उठले. म्होरं एवढी माणसं. शिकवल्यालं सगळं गेलं. आन तोंडातनं जे बाहेर पडलं ते आसं.

"मला कोरिया कळत न्हाय. मला इरजीक कळती. माज्या रानात सतरा औतं आलती. दिस मावळल्यावर लापशी खाऊन सगळी घरी गेली. त्याला मदत म्हणत्यात. इरजिकीला गेल्याला माणूस मुक्काम करीत न्हाय. दुसऱ्या दिशी जो त्याच रानात दिसतो, त्याचा डोळा रानावर असतो. माजं पोरगं तितं दीड साल हाय. ते लोकं त्याला काय म्हणत असतील? त्याला घरी पाठवा."

टाळ्या पडल्या. अप्पांनी डोळे पुसले. मला वाटलं, जमलं. नामा आला. आन त्याच येळी मागनं भाऊजींचा आवाज आला, बैल बघायचं सोडून आलते. मोठ्यानं म्हणले, "बघा! माजी भावजय आज खरं बोलली! सदू तात्या, आयकलं का? संपली म्हणावं तुमची इरजीक!"

ज्यांना ठावं नव्हतं ती माणसंबी हसली, कारण म्होरची हसली म्हणून. आमच्या भागातली चारसहा माणसं व्हती ती तर मान वळवून तात्यांकडंच बघाया लागली.

मला तवा कळलं, मी काय बोलले ते. ते बोलणं माजं नव्हतंच. भाऊजींचं व्हतं. आठ सालं कानावर पडून पडून माज्या तोंडात जाऊन बसलं व्हतं, आन पोराच्या मायेनं मी तेच उचलून सभेला दिलं. अजून फळीवरच उभी व्हते. आवाज व्हता, माणसं आयकत व्हती. तितंच म्हणायचं व्हतं, 'थांबा, माजं सांगून झालं न्हाय, सतरा औतं गेल्यावर काय झालं ते आयका.' पर ते सांगितलं असतं तर माजाच मुद्दा मोडला असता. ठराव पडला असता. नामा आला नसता. मी पदर सावरला आन खाली बसले.

मंग इचारलं, माणसं परत बोलवावी असं कुणाला वाटतं, त्यांनी हात वर करा. हात वर गेले. मी तात्यांकडं बघितलं. त्यांनी दोन्ही कासरे डाव्या हातात घेतले आन उजवा हात वर केला. सगळ्यांचे हात खाली आले तरी त्यांचा वरच. मोजणारा म्हणला, "झालं पावनं," तवा खाली घेतला.

ठराव झाला. गुरुजी लई खूश.

परतीची वाट तीच, कालवा, शेटफळगढं, भिगवण. पर जाताना दिसल्यालं काय येताना दिसलं न्हाय. तात्या नेहमीवानीच बैलांशी बोलत व्हते. "हो, हो, ढवळ्या, दगड हाय." मला पाणी पायजे का इचारलं. पारूच्या घरी न थांबता पुढं एका हिरीवर उतरलो. तितं त्यांनी भाकरी मोडून आदी बैलांना घातली. मी माजी भाकरी तशीच फडक्यात बांधून ठिवली.

शेवटी भिगवण सोडल्यावर मी इचारलं, "तात्या, तुमी हात का वर केला?"

"नामा घरी यावा म्हणून. दुसरं काय?"

"मी बोलले ते..."

"पोरासाटी बोलला, वैनी."

"तसं माज्या मनात नव्हतं, तात्या."

बांड्यानं शेपटी मारली ती त्यांच्या तोंडावर बसली, ती बाजूला केली. मंग म्हणले, "मनात नव्हतं ते मला ठावं हाय. पर बोलणं चारचौघांत झालंय. आता मी तुमच्या रानात दिसलो तर एकतर माजा डोळा रानावर, न्हायतर तुमचं बोलणं खोटं. दोन्हीतलं काय बी नको. काय लागलं तर हाक मारा. हाकंला येणं येगळं."

रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. मी रडून मोकळी झाले असते.

गावात आलो. तात्यांनी मला दारात सोडलं, गाडीतलं गाठोडं उतरून ओट्यावर ठिवलं, गेले. त्या दिसापासून बांधाच्या अल्याड पाय टाकला न्हाय.

पुढच्या हंगामाला थोडा पाऊस झाला. मी रोजानं औत सांगून रान पेरलं. भाऊजींनी त्यांच्या अंगाचा बांध कोरला. एका नांगरटीला हातभर, दुसरीला अजून हातभर. मी जाऊन म्हणलं, "भाऊजी, बांध सरकतोय." म्हणले, "सभेत सांग जाऊन." तात्या त्यांच्या रानात कुळव धरून उभे व्हते. बैलं थांबवली व्हती त्यांनी. माज्याकडं बघत व्हते. हाकंची वाट बघत व्हते, ह्ये मला एवढ्या लांबनंबी दिसत व्हतं. एक हाक मारायची व्हती. 'तात्या, या' एवढंच. पर ज्या तोंडानं सभेत बोलले त्याच तोंडानं हाक कशी मारू, असं वाटलं. मी वळले आन घरी गेले. तात्यांनी बैलं हाकली. तीन हंगामात चार हात रान गेलं. मला त्या चार हाताचं एवढं न्हाय.

नामा आला, पर ठरावानं न्हाय. तितली लढाई थांबली, मंग सगळी पलटणच आली, तवा आला. ठरावाचं इचारलं तर म्हणला, "कसला ठराव? आमाला तितं काय बी कळलं न्हाय."

त्यानं एका म्हातारीचं सांगितलं. तिचं घर जळाल्यालं, लेक जखमी व्हऊन तंबूत. ती रोज सांजच्याला यायची. बोली कळायची न्हाय, तर हातानं सूर्य मावळून दाखवायची, मंग परत उगवून दाखवायची आन तंबूकडं बोट करायची. म्हंजे उद्या तुमी हितं आसाल का? नामा आन त्याचे सोबती मान हालवायचे. तवा ती उठून जायची. दुसऱ्या सांजला परत तेच.

"रोज कशाला इचारायची रं?" मी म्हणलं.

"आमच्या आदी आल्याले बरेच निघून गेल्ते ना," नामा म्हणला.

एवढं सांगून त्यानं इचारलं, "तात्या दिसंनात, आई. कुठं गेल्यात?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्यो उठला, पायात चपलाबी घातल्या न्हाईत, गेला तात्यांकडं. तात्या त्याच्यासंगं आले, बांधापातुर. नामानं कोरल्यालं रान दाखवलं. तात्यांनी बांधावर बसून सगळं आयकून घेतलं, तलाठ्याकडं कसं जायचं ते सांगितलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. माज्या हातनं पाणी घेतलं, पिले, "बरं हाय का वैनी" म्हणले. सभेचं नाव त्यांनी काढलं न्हाय, मीबी न्हाय. पुढं चार सालांनी ते गेले, तवाबी ते बोलायचं ऱ्हायल्यालंच व्हतं.

आता ते गाव न्हाय, ते रान न्हाय. उजनीचं पाणी चढलं त्यात माजं रान, भाऊजींचं रान, तात्यांचं रान आन मधला बांध सगळं एकच झालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोकं जुनं देऊळ बघायला जात्यात. मी एकदा गेलते. कुठं उभी व्हते, कुणाच्या रानात, काय कळलं न्हाय.

आजबी रेडिओवर सांगत्यात, अमक्या देशात फौज घुसली, त्याला मदत किती सालं द्यायची त्यावर मोठी माणसं भांडत्यात. मी बसून आयकते. दोन्ही अंगाचं मला थोडं थोडं पटतं, तवाबी पटत व्हतं. नामाला परत बोलवा म्हणले त्याचा मला पस्तावा न्हाय. आईनं दुसरं काय म्हणावं? पर जे म्हणायचं ते आपलं म्हणावं, पुरं म्हणावं. सतरा औतांनी माजं रान पेरलं, आन तात्यांनी ते राखलं. ह्यातलं पैलं मी सगळ्या बारामतीला सांगितलं. दुसरं सांगायला एक श्वास पुरला असता, आन ज्याचं व्हतं त्यो माणूस तीस पावलांवर उन्हात उभा व्हता.